एनर्जी ड्रिंक उंदरांवर टेस्ट झालंय म्हणे, मग पोरांनी प्यायला सेफ समजायचं का?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. पोरगा अकरावीला आहे, नीटचा क्लास कॉलेज रोडला, क्लास सुटला की समोरच्या टपरीवर पोरांची नुसती झुंबड, ती वीस रुपयेवाली एनर्जी ड्रिंकची बाटली घ्यायला. मला आधी वाटायचं साधं कोल्ड्रिंक असेल. मग एकदा बाटली हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचलं तर लिहिलंय मुलांसाठी नाही, गरोदर बायकांसाठी नाही, दिवसाला ५०० मिलीच्या वर नाही. पोराला बोललो तर त्याने लगेच मोबाईल काढून इंग्लिशमधला लेख दाखवला, की बाबा यातल्या गोष्टी उंदरांना तीन-तीन महिने रोज देऊन बघितल्यात, काही झालेलं नाही, तुम्ही उगाच टेन्शन घेता.

आता भाची एम फार्म करतेय पंचवटीकडच्या एका कॉलेजात, ती म्हणते मामा आमच्या डिपार्टमेंटला एका सीनियरने उंदरांना हेच पाजून थिसिस केला आणि त्यात लिव्हरची वाट लागलेली दिसली. म्हणजे एका उंदराला काहीच होत नाही आणि दुसऱ्याचं लिव्हर जातं, कोणाचं खरं धरायचं? कंपन्यांना असं प्राण्यांवर टेस्ट करणं कायद्याने लागतंच का? आणि आमच्या सौभाग्यवतींचं तिसरंच, तुमच्या पोरांच्या चैनीपायी त्या मुक्या जिवांच्या घशात नळ्या कशाला घालता म्हणून माझ्यावरच डाफरली, जसं काही मीच घालतोय. मी सातपूरला मशीन शॉपमध्ये असतो, यातलं काही कळत नाही, जरा सोप्या भाषेत सांगा.

कारंजा_बॉय

काका उंदरांचं जाऊ द्या, पोराचा पॉकेटमनी कमी करा, आपोआप सेफ होईल 😄

ॲनिमलहाउसवाली

काका मी एम फार्म फार्माकोलॉजी केलंय, कॉलेजची सगळी वर्षं ॲनिमल हाउसमध्येच, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथेच, गेली म्हणा ना, आता सिन्नरला एका कंपनीत क्यूएला आहे. तुमचा पोरगा आणि भाची दोघंही बरोबर असू शकतात कारण दोघं वेगळ्या प्रयोगांबद्दल बोलतायत.

पोराने दाखवलं ते घटकांचं टेस्टिंग असणार. म्हणजे तयार ड्रिंक नाही, टॉरिन वेगळं, ग्लुक्युरोनोलॅक्टोन वेगळं, अशी शुद्ध पावडर घेऊन. युरोपात यावर चांगली दहा वर्षं घासाघीस चाललेली. १९९९ ला तिथल्या फूड कमिटीने सांगितलं की एवढ्या प्रमाणात हे दोन्ही सेफ आहेत असं म्हणायला आमच्याकडे पुरेसा डेटाच नाही, फ्रान्सने तर टॉरिनच्या मुद्द्यावरून रेड बुलला २००८ पर्यंत दारात उभं केलं नव्हतं. मग रॅटवर तेरा आठवड्यांचे अभ्यास झाले, टॉरिनच्या एकात वागण्यातच फरक दिसला म्हणून परत करायला लावलं, आणि शेवटी २००९ ला युरोपच्या फूड सेफ्टी अथॉरिटीने, म्हणजे एफ्साने, मत दिलं की दोन्हींसाठी रोज किलोमागे १००० मिग्रॅपर्यंत रॅटला अपाय दिसत नाही. अपाय न दिसलेला हा जो सगळ्यात मोठा डोस असतो त्याला आम्ही नोएल म्हणतो. नेहमीच्या २५० मिलीच्या कॅनमध्ये टॉरिन साधारण १००० मिग्रॅ, ६० किलोच्या माणसाने एक कॅन घेतला तर किलोमागे १७ मिग्रॅ, म्हणजे रॅटच्या आकड्याच्या साठ पट खाली. एरवी शंभर पट खाली राहायची पद्धत आहे, दहा पट रॅट आणि माणसातल्या फरकासाठी आणि दहा पट माणसामाणसातल्या फरकासाठी, पण टॉरिन आपल्या शरीरात बनतं, मांस-मच्छीतून येतं, त्यामुळे त्याच्याकडे परक्या केमिकलसारखं बघत नाहीत. मला स्वतःला टॉरिनची फार भीती वाटत नाही.

आता भाचीचा थिसिस. तिथे तयार ड्रिंक पाजलेलं असणार, आणि असे पेपर ढिगाने आहेत, इजिप्त सौदी तुर्कस्तान नायजेरिया आणि आपल्याकडचेही. एका ग्रुपमध्ये सहा रॅट, महिनाभर रोज गॅव्हाज, म्हणजे तोंडातून पोटापर्यंत वाकडी बोथट सुई घालून डोस सोडायचा, शेवटी रक्त घेऊन एसजीपीटी एसजीओटी, म्हणजे लिव्हर बिघडलं की रक्तात वाढणारे आकडे, बघायचे, सॅक्रिफाइस करून, म्हणजे मारून, लिव्हर किडनी हिस्टोपॅथला, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायला, पाठवायची. आणि रिझल्ट बहुतेक वेळा "वाईट" येतो.

वाईट येतो तो डोस बघा. समजा किलोमागे १० मिली दिलं. २०० ग्रॅमच्या रॅटला २ मिली, ऐकायला काहीच नाही. सरळ गुणाकार केला तर ६० किलोच्या माणसाला ६०० मिली. पण रॅटचं शरीर औषध फार भराभर जाळतं म्हणून आम्ही अंगाच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने रॅटचा डोस ६.२ ने भागतो, तसं केलं तर तेच माणसाला ९७ मिली होतं, म्हणजे बाटली अर्धी सुद्धा नाही. त्याच पेपरवरून एक जण म्हणणार अर्धी बाटली पण न पिता लिव्हर खराब होतं आणि दुसरा म्हणणार अडीच बाटल्या प्यायल्यावर. कोणता हिशोब धरलाय हे बऱ्याच पेपरात धड लिहिलेलंही नसतं.

त्याहून भारी प्रकार म्हणजे पिंजऱ्यातली पाण्याची बाटलीच काढून तिथे एनर्जी ड्रिंकची लावायची. रॅट दिवसाला वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास पाणी पितो, म्हणजे माणसाच्या मापात दिवसाला सहा लिटर एनर्जी ड्रिंक झालं, आणि गोड असलं की ते जास्तच पितात. त्यात शंभर मिलीला ११ ग्रॅमच्या आसपास साखर. मग लिव्हरवर चरबी दिसली तर ती साखरेने का कॅफीनने का टॉरिनने? हे सांगायला एका ग्रुपला नुसतं साखरपाणी, एकाला नुसतं कॅफीनचं पाणी द्यावं लागतं. भाचीला विचारा सीनियरचा कंट्रोल ग्रुप, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो ड्रिंक न दिलेला ग्रुप, काय होता. पैज लावते, साधं पाणी.

इंदिरानगरकर

ताई खूप खूप धन्यवाद, इतकं कोणी समजावून सांगत नाही. भाचीला आत्ताच व्हॉट्सॲप केलं, कंट्रोलला साधं पाणीच होतं. मग असं म्हणू का की लिव्हरचं ते साखरेमुळे, आणि शुगर फ्री वालं चालेल?

ॲनिमलहाउसवाली

नाही काका तसंही म्हणता येत नाही. त्या थिसिसवरून फक्त एवढंच म्हणता येतं की एवढं ड्रिंक एवढे दिवस पाजलं तर सहा रॅटमध्ये पाण्यापेक्षा फरक दिसला. साखर असेल, नसेलही. शुगर फ्रीमध्ये कॅफीन तेवढंच असतं, ते काही कमी होत नाही.

आणि सहा हा आकडा लक्षात ठेवा. पोराच्या लेखातला तीन महिन्यांचा अभ्यास ओईसीडी म्हणून देशांची एक संघटना आहे, तिच्या ४०८ नंबरच्या टेस्टिंग गाइडलाइनने करायचा असतो, त्यात प्रत्येक ग्रुपला निदान २० रॅट लागतात, १० नर १० मादी, तीन डोस आणि एक कंट्रोल, म्हणजे ८० झाले. खर्च कंपनीचा. कॉलेजच्या पोरीला गाइड सांगतो सहा घे, बजेट नाही.

पांजरपोळ_मित्र

वाचून डोकं फिरलं. सगळे डोस आणि ग्रुप मोजतायत, प्राण्याचं कोणी बोलेना. काकूंचा प्रश्न सगळ्यात सरळ आहे. औषध असेल तर एक वेळ समजू शकतो, कोणाचा तरी जीव वाचणार असतो, पण रात्री जागायला गोड पाणी पाहिजे म्हणून ८० जीव मारायचे? आपल्याकडे कॉस्मेटिकसाठी प्राण्यांवर टेस्टिंग २०१४ लाच बंद केलं, कोका-कोला आणि पेप्सिको दोघांनीही २००७ ला जाहीर केलं की कायद्याने सांगितल्याशिवाय आम्ही प्राण्यांवरच्या टेस्टला पैसे देणार नाही. मग कॉलेजात हे अजून चालू कसं? १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे ना, त्यात प्रयोग करायला बंदीच आहे.

ॲनिमलहाउसवाली

दादा बंदी नाहीये, कायदा वाचून बोला. त्याच १९६० च्या कायद्यात नवीन ज्ञानासाठी, जीव वाचवायला, आयुष्य वाढवायला किंवा त्रास कमी करायला केलेले प्रयोग बेकायदेशीर नाहीत असं सरळ लिहिलंय. त्यात पुढे असंही आहे की जिथे टाळता येतील तिथे टाळावेत, शिकवण्यासाठी पुस्तक मॉडेल फिल्मवर भागत असेल तर प्राणी वापरू नये, नुसता हात बसावा म्हणून तर अजिबात करू नये. सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कमिटीकडे, कॉलेजचं ॲनिमल हाउस रजिस्टर लागतं, प्रत्येक प्रयोगाचा फॉर्म बी, म्हणजे परवानगीचा अर्ज, कॉलेजच्या एथिक्स कमिटीपुढे जातो, त्यात व्हेट असतो, बाहेरच्या संस्थेचा सायंटिस्ट असतो, विज्ञानाशी संबंध नसलेला एक समाजातला माणूस असतो आणि सीसीएसईएचा नॉमिनी असतो. कागदावर व्यवस्था चांगली आहे.

बाकी मुद्दा तुमचा मला पटतो, आणि हे मी ॲनिमल हाउसमधली असून बोलतेय. एनर्जी ड्रिंक रॅटला पाजून एसजीपीटी बघणं हे इतक्या वेळा झालंय की अजून सहा रॅट मारून नवीन काही कळत नाही. विषय सोपा, ड्रिंक दुकानात मिळतं, केमिकल मागवायची कटकट नाही, रिझल्ट हमखास येतो, थिसिस वेळेत सबमिट, हे खरं कारण. नवीन ज्ञान कुठेय त्यात? कमिटीत जो विज्ञानाबाहेरचा मेंबर असतो ना, त्याने मीटिंगमध्ये नुसतं विचारलं की हे आधी किती जणांनी केलंय आणि तुम्ही वेगळं काय करताय, तरी निम्मे प्रोटोकॉल परत जातील. पण तो चहा बिस्कीट घेऊन सही करून जातो.

आणि काका, तुमचा कायद्याचा प्रश्न राहिला. नाही, आपल्याकडे प्रत्येक ब्रँडला प्राण्यांवर टेस्ट करावं लागत नाही. एफएसएसएआयचं, म्हणजे आपल्या केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचं, कॅफिनेटेड बेव्हरेजचं स्टँडर्ड आहे, कॅफीन लिटरला १४५ ते ३०० मिग्रॅच्या मध्ये, त्यात बसवलं आणि लेबल बरोबर लावलं की झालं. टॉक्सिसिटीचा डेटा मागतात तो अगदी नवीन, स्टँडर्डमध्ये नसलेला घटक आणला तर. म्हणजे तुमच्या टपरीवरची ती बाटली, तीच बाटली, कुठल्या उंदराने प्यायली असेलच असं काही नाही.

व्हेट_आडगाव

वर बऱ्यापैकी सगळं आलंय, मी फक्त प्राण्यांच्या बाजूने थोडं. मी जनावरांचा डॉक्टर.

लोक समजतात की रॅट म्हणजे छोटा माणूस, डोस बारीक केला की काम झालं. तसं नसतं. ग्लुक्युरोनोलॅक्टोनचंच घ्या. रॅट स्वतःच्या लिव्हरमध्ये व्हिटॅमिन सी बनवतो आणि हा पदार्थ त्याच वाटेने पुढे जातो. माणसाकडे त्या वाटेवरचं शेवटचं एन्झाइमच नाही, म्हणून तर आपल्याला लिंबू आवळा खावा लागतो. युरोपच्या कमिटीलाही तेव्हा ही शंका आली होती, की रॅटमध्ये या पदार्थाचं जे होतं ते माणसात होणारच असं नाही. टॉरिनचं उलटं बघा, रॅट भरपूर बनवतो, माणूस बऱ्यापैकी, मांजर जवळपास नाहीच, मांजराला खाण्यातून टॉरिन मिळालं नाही तर डोळे जातात आणि हार्ट फुगतं, हार्टचं १९८७ ला नीट कळलं आणि त्यानंतर कॅटफूडमध्ये टॉरिन वाढवलं. म्हणजे ज्या टॉरिनवरून माणसांचा एवढा वाद, ते आम्ही मांजरांना लिहून देतो.

कॅफीनमध्ये पण फरक आहे. माणसाला कॅफीन अर्धं व्हायला पाचेक तास लागतात, रॅटला छोट्या डोसला तासाभरात. आणि आपल्यात त्याचं मुख्यतः पॅराझँथिन बनतं, जे स्वतः पण झोप उडवतं, रॅटमध्ये ती वाट मुख्य नाही. शिवाय रॅटला उलटी करताच येत नाही. माणसाला जास्त झालं की मळमळून बाहेर येतं, रॅटच्या पोटात गॅव्हाजने सोडलेलं सगळं आतच राहतं. जुन्या तक्त्यात रॅटसाठी कॅफीनचा निम्मे प्राणी मरायचा डोस किलोमागे १९२ मिग्रॅ दिलेला असतो, पोरं तो आकडा बघून गुणाकार करतात, वजन ६० म्हणजे साडेअकरा हजार मिग्रॅ, म्हणजे दीडशे बाटल्या, बिनधास्त प्या. असला हिशोब कृपा करून करू नका, माणसं त्याच्या बरंच आधी गेलेली आहेत. निम्मे मारून मोजायची ही टेस्ट १९२७ ची आहे आणि ओईसीडीने ती २००२ ला यादीतून काढून टाकली, आता कमी प्राण्यांत भागवणाऱ्या पद्धती आहेत.

@पांजरपोळ_मित्र, भाऊ राग समजतो. पण कुत्र्यांना चॉकलेट आणि चहा-कॉफी देऊ नका हे पण लोकांना सांगत जा, चहा बिस्कीट खाऊ घालणारे प्राणीप्रेमी माझ्याकडे रोज येतात.

पांजरपोळ_मित्र

सर बिस्कीट देत नाही मी 🙂 पण मला एक सांगा, रॅट इतका वेगळा असेल तर त्याच्यावर करायचंच कशाला? एकीकडे म्हणता रॅट म्हणजे माणूस नाही आणि दुसरीकडे त्याच्यावरच साठ पट शंभर पट मोजता.

मेडिसिनवाला

हा प्रश्न बरोबर आहे आणि एनर्जी ड्रिंकच्या बाबतीत त्याचं उत्तर पण आहे. करायची फारशी गरज उरलेली नाही, कारण माणसं आधीच लाखोंनी पितायत. नवीन केमिकल असेल, कोणीच घेतलेलं नसेल, तर माणसाला द्यायच्या आधी रॅटला देणं समजू शकतो. इथे कॅफीन आहे, साखर आहे, आणि आमच्या कॅज्युअल्टीत छाती धडधडतेय म्हणून येणारी पोरं आहेत.

माणसांवरचे अभ्यास झालेत. २०१९ मध्ये अमेरिकेत ३४ धडधाकट तरुणांना साधारण ९४६ मिली एनर्जी ड्रिंक तासाभरात प्यायला देऊन ईसीजी काढले, प्लासिबो ड्रिंकच्या, म्हणजे कॅफीन वगैरे नसलेल्या नकली ड्रिंकच्या, तुलनेत चार तासांनी क्यूटी इंटरव्हल ६ ते ८ मिलिसेकंदांनी वाढलेला, बीपी ४-५ ने वर. त्याआधी २०१७ ला १८ जणांवर केलेल्यात एकदा एनर्जी ड्रिंक दिलं आणि एकदा तेवढंच कॅफीन असलेलं दुसरं ड्रिंक दिलं, क्यूटी वाढला तो एनर्जी ड्रिंकमध्येच. म्हणजे "काय त्यात, कॉफीच तर आहे" हे म्हणणं पूर्ण खरं नाही, मिश्रणात काहीतरी आहे. क्यूटी म्हणजे हार्टचा एक ठोका पडल्यावर ते परत रिचार्ज व्हायला लागणारा वेळ. धडधाकट पोराला ६-८ मिलिसेकंदाने काही होत नाही, पण ज्याचा जन्मापासून लांब आहे आणि त्याला माहीतच नाही, त्याच्यासाठी रिस्क आहे.

आणि आता रॅटची गंमत. रॅटचं हार्ट मिनिटाला तीनशे-चारशे ठोके मारतं, आणि ठोक्यानंतर रिचार्ज व्हायला माणसाचं हार्ट ज्या पोटॅशियम चॅनलवर चालतं तो मोठ्या रॅटमध्ये जवळपास काम करत नाही. म्हणून औषध कंपन्या क्यूटी तपासायला रॅट-माइस घेतच नाहीत, कुत्रा, ससा, गिनीपिग घेतात. म्हणजे एनर्जी ड्रिंकबद्दल ज्या एका गोष्टीची मला खरी काळजी आहे ती रॅटमध्ये दिसणारच नाही, मग ८० घ्या नाहीतर ८०० घ्या. पोराच्या लेखातलं "काही झालं नाही" हे असं आहे.

@इंदिरानगरकर, तुमच्या कामाचं सांगतो. एफ्साने २०१५ ला मोठ्यांसाठी एका वेळी २०० आणि दिवसाला ४०० मिग्रॅ कॅफीन ठीक म्हटलं, मुलांसाठी किलोमागे ३ मिग्रॅ. पोरगा ५० किलोचा धरला तर १५० मिग्रॅ. लिटरला ३०० म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५. दोन बाटल्यांत कोटा संपला, आणि घरचा चहा अजून मोजलेलाच नाही. हा आकडा पण धडधाकट, झोप झालेल्या पोरासाठी. रात्री ९ ला घेतली तर २ वाजता निम्मं अंगात, पोरगा जागणार, पहाटे क्लासला पेंगणार, परत बाटली. मी परीक्षेच्या सीझनला हेच बघतो. लिव्हरचं राहू द्या, अकरावीतल्या पोराचं नुकसान झोपेत होतं.

द्राक्षवाला_दिंडोरी

आमच्याकडे एप्रिलात खरड छाटणीला मजूर ऊन लागायला नको म्हणून हीच बाटली मागतात, मालक पण क्रेट आणून ठेवतो. पूर्वी गूळपाणी द्यायचो. हे उन्हाला चालतं का डॉक्टर?

मेडिसिनवाला

उन्हासाठी हे नाही भाऊ. घामातून जातं मीठ आणि पाणी, यात मीठ नावाला, साखर भरपूर, वरून हार्ट पळवणार. चाळीस डिग्रीत काम करणाऱ्याचं हार्ट आधीच पळत असतं. पाणी, लिंबू सरबत मीठ घालून, ताक, फार घाम आला तर ओआरएस. गूळपाणी यापेक्षा बरंच, चिमूटभर मीठ टाका त्यात.

कारंजा_बॉय

मला वाटलं सरकारने शाळेजवळ बंदी घातलीय? पेपरात वाचल्यासारखं आठवतंय.

ॲनिमलहाउसवाली

जुलै २०२४ ला विधान परिषदेत तेव्हाचे अन्न व औषध मंत्री धर्मरावबाबा आत्राम म्हणाले होते की शाळांपासून ५०० मीटरच्या आत हाय कॅफीनवाली ड्रिंक विकायला बंदी आणू. ती घोषणा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एफएसएसएआयने ऑनलाइनवाल्यांना पण सांगितलं की वाटेल ते पेय हेल्थ ड्रिंक, एनर्जी ड्रिंक म्हणून लावू नका. बाहेर लिथुएनिया, लॅटव्हिया, पोलंडमध्ये १८ च्या खालच्यांना विकायलाच बंदी आहे. कॉलेज रोडला क्लासपासून ५०० मीटर मोजायला गेलं तर अख्खा कॉलेज रोडच बंद होईल 😀

इंदिरानगरकर

सगळ्यांचे आभार. पोराला डॉक्टरसाहेबांचा रिप्लाय वाचायला दिला, त्यावर त्याचं म्हणणं की ९४६ मिली कोण पितं एका तासात, मी एकच पितो. वकील होणार बहुतेक, नीट कशाला देतोय. सध्या संध्याकाळी सहानंतर नाही आणि रोज नाही यावर तह झालाय. भाचीला विचारलं तुझा थिसिस कशावर, तर तिचा पण ड्रिंकवरच ठरत होता, आता ती कंट्रोलला साखरपाणी आणि कॅफीनचा वेगळा ग्रुप घ्यायचं म्हणतेय, गाइड म्हणे रॅट वाढतील.

ॲनिमलहाउसवाली

वाढणारच, सहाचे दोन ग्रुप म्हणजे बारा. तिला सांगा फॉर्म बी मध्ये आधीच लिही, मधेच ग्रुप वाढवायचा तर परत कमिटीपुढे अमेंडमेंट जातं आणि पुढची मीटिंग कधी लागेल देव जाणे. आणि मोकळेपणाने सांगते, विषयच बदलता आला तर बदलू दे. तिच्याच कॉलेजातल्या पोरांचा सर्व्हे करू दे, किती पितात, कधी पितात, झोप किती, आधी-नंतर बीपी किती. माणसांवरचा असल्याने त्याला वेगळ्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते पण कोणी मरत नाही, आणि तो डेटा नाशिकचा असेल, जो कोणाकडे नाही.

थर्ड_शिफ्ट_अंबड

एवढी चर्चा चाललीय तर माझं पण विचारून घेतो. मी अंबडला थर्ड शिफ्टला असतो, रात्री दीडला एक बाटली ठरलेली, बरीच वर्षं घेतो, कधी त्रास नाही. गेल्या महिन्यात पोट बिघडलं, मेडिकलवाल्याने सिप्रोच्या गोळ्या दिल्या, त्या चालू असताना नेहमीचीच एक बाटली घेतली तर हात थरथर आणि छाती अशी धडधडायला लागली की सुपरवायझरला सांगून बाहेर येऊन बसलो. बाटली तीच, मी तोच. सिगरेट पण तेव्हाच सोडलेली, म्हटलं त्यामुळे असेल.

मेडिसिनवाला

दोन्हीमुळे. लिव्हरमधलं जे एन्झाइम कॅफीन तोडतं त्याला सिप्रोफ्लॉक्सासिन अडवतं, कॅफीन अंगात बराच जास्त वेळ फिरत राहतं. आणि सिगरेटचा धूर त्याच एन्झाइमला जोर देतो, ओढणाऱ्यांचं कॅफीन जवळपास दुप्पट वेगाने जातं, सोडली की तो वेग काही दिवसांत खाली येतो. म्हणजे एकाच वेळी दोन्ही बाजूंनी तुमची एक बाटली मोठी झाली. सिगरेट परत सुरू करू नका फक्त, बाटली अर्धी करा. आणि धडधड परत झाली तर एक ईसीजी काढून घ्या.

थर्ड_शिफ्ट_अंबड

बापरे, हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग पुढच्या वेळी नॉरफ्लॉक्स घेतली तर चालेल का? का ऑफ्लॉक्स?

मेडिसिनवाला

नॉरफ्लॉक्सनेही होतं, सिप्रोपेक्षा कमी. ऑफ्लॉक्सने जवळपास नाही. पण साध्या जुलाबाला यातली एकही लागत नाही, ओआरएस घ्या, दोन दिवसांत थांबलं नाही, ताप आला किंवा रक्त पडलं तर डॉक्टरकडे या. मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक घेऊ नका.